बारावं पिल्लू

"यादीतून माझं पिल्लू कुणी काढलं, बाबा?"

"मी." सुखलालबाबांनी मान वर केली नाही. ते कुंपणाला टेकून चारा निवडत होते.

सुखलालबाबा कास्देकर मूळचे मेळघाटातले. या प्राणिसंग्रहालयात जनावरांची राखण करता करता त्यांची एकतीस वर्षं गेली होती. गुडघेही गेले होते. निवृत्तीला महिना उरला होता.

विचारणारी नीरजा कोत्तावार, पशुवैद्य. सुवर्णपदक घेऊन रुजू झाली, तेव्हा साहेबांनी तिला सांगितलं होतं, "आधी वर्षभर बाबांच्या हाताखाली शिका." ज्यांना सही करायलाही वेळ लागतो, त्यांच्याकडून काय शिकायचं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. अजूनही नीटसं कळलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयातून पिसोरी हरणांच्या तीन जोड्या आल्या होत्या. सशाहून थोडं मोठं हरीण, अंगावर पांढरे ठिपके, शिंगं नाहीत. जवळच्या जंगलातून ते दिसेनासं झालं होतं. इथं त्यांची वीण वाढवायची आणि पिल्लं जंगलात सोडायची, असं ठरलं होतं.

बारा पिल्लं मोठी झाली. उद्या गाडी निघणार होती.

बारावं नीरजाचं. व्याताना त्याची आई गेली. तीन आठवडे दवाखान्यातच मुक्काम करून नीरजानं त्याला ड्रॉपरनं दूध पाजलं होतं.

"बाराही जणांत त्याचं वजन जास्त आहे, बाबा. सगळ्या तपासण्या चोख आल्यात. त्या अकरांतलं एखादं टिकणार नाही, पण हे टिकेल."

"हं..."

"नुसतं हं नको. कारण सांगा."

बाबा कुंपणाला धरून उठले. पाण्याची रिकामी बादली उचलली, आतल्या आवाराचं फाटक उघडलं आणि बादली लोखंडी दारावर दाणकन आपटली.

अकरा हरणं गवतात नाहीशी झाली. कुठं गेली, तेही दिसलं नाही.

बारावं धावत आलं आणि नीरजाच्या पायांत शिरलं.

...

"घाबरलं की ते माणसाकडे येतं," बाबा म्हणाले.

नीरजा खाली बसली. तिच्या तळहाताखाली त्या जिवाची छाती थडथड उडत होती.

"जंगलात गेल्यावर शिकेल की..."

"माझं एक अस्वल होतं." बाबांनी बादली खाली ठेवली. "बाटलीवर वाढवलेलं. मी हट्टानं सोडायला लावलं. चौथ्या दिवशी ते एका वस्तीत गेलं. माणसं दिसली, तसं खुशीत येऊन दोन पायांवर उभं राहिलं."

"मग?"

"लोक घाबरले. त्यांच्या हातात काठ्या होत्या."

...

"ते पळालं नाही, बाई."

पलीकडे शाळेची सहल आली होती, तिचा गलका ऐकू येत होता.

"म्हणजे मी याला मरू द्यायला हवं होतं?"

"नाही."

"मग जगवलं हे चुकलं?"

"नाही."

"मग मी करायचं तरी काय?"

"सांभाळायचं. ते हाक मारेल तेव्हा यायचं. अंगात ताप असला तरी यायचं. त्याला दुसरं कुणी नाही."

"ही शिक्षा आहे का, बाबा?"

"काम आहे."

नीरजानं यादी हातात घेतली. बाराव्या ओळीवर पुसट पेन्सिलीची रेघ होती. तिनं ती पेनानं पक्की केली.

दुसऱ्या दिवशी गाडी सहा तास चालली. जंगलात पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. बाबांनी अकरा खोकी झाडीच्या कडेला ओळीनं मांडली, दारं वर ओढली आणि सगळ्यांना गाडीमागे जायला खुणावलं.

कितीतरी वेळ काहीच हललं नाही.

मग एक थरथरतं नाक बाहेर आलं. चार पावलं, एक उडी, आणि पाचोळ्यात नुसती खसखस. मग दुसरं. मग तिसरं. शेवटचं खोकं रिकामं होईपर्यंत ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

सुखलालबाबा तिथंच मातीत बसले होते. थकले होते. नीरजा त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

"एकानंही वळून पाहिलं नाही, बाबा."

बाबा झाडीकडे बघत राहिले...

"आयुष्यभर एवढंच मागत आलो, बाई."