पांढऱ्या दोऱ्याचा महिना

नदीकाठच्या एका गावात एक वृद्ध गृहस्थ मुंगसे पाळीत असत. छंद म्हणून नव्हे, तो त्यांचा व्यवसायच होता. त्या भागात जोंधळा जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची रीत होती. घट्ट मातीत विहिरीसारखा खोल खड्डा, आतून कडब्याचे अस्तर आणि वर अरुंद तोंड. एकदा ते तोंड लिंपून टाकले की दोन दोन वर्षे धान्याला काही होत नसे. भय असे ते उंदरांचे आणि घुशींचे. ते आडवी बिळे पाडून पेवाच्या कुशीत शिरत, त्या वाटेने ओल आत जाई आणि अख्खे पेव कुजून जाई. म्हणून पेव भरण्यापूर्वी भोवतीची बिळे मोकळी करून घ्यावी लागत, आणि त्यासाठी बारा गावांचे लोक या वृद्धांच्या दाराशी येत. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांचे सांगणे असे, की मुंगूस म्हटले म्हणून सगळी सारखी नसतात. अंगकाठीवरून त्यांचे दोन वाण होतात. एक सुतळी: लांबट, अरुंद छातीची, निमुळत्या डोक्याची. ती बिळात शिरते, उंदरांना पळवून बाहेर काढते आणि आत काही अवघड दिसले तर निमूट मागे फिरते. दुसरे मुसळ: रुंद छातीचे, आखूड मानेचे, जड डोक्याचे. ते उघड्यावर सोडायचे. घूस असो की साप, ते माघार घेत नाही. मुसळाला बिळात सोडणे म्हणजे त्याला मारणेच, कारण ते आत वळू शकत नाही आणि वळता आले तरी वळणार नाही. ओळखायची खूण म्हणजे दोन कानांमधली जागा. तिथे दोन बोटे मावली तर सुतळी, तीन मावली तर मुसळ. सुतळीच्या गळ्यात आबा लाल दोरा बांधत, मुसळाच्या गळ्यात काळा. गिऱ्हाईक जनावराकडे पाहतच नसे, दोरा पाहून निर्धास्त घेऊन जाई.

पण एक तिसरा दोराही होता, पांढरा. रानातून नवे जनावर आले की महिनाभर त्याच्या गळ्यात पांढरा दोरा राही. त्या महिन्यात त्याला कामाला लावायचे नाही, त्याचा वाणही तोंडाने उच्चारायचा नाही. नुसते खाऊ घालायचे. चाळीस वर्षे मुंगसांत काढलेल्या माणसाला एवढे महिनाभर काय पाहायचे राहते, हे कोणालाच उमगत नसे. म्हाताऱ्यांची आपली एकेक खोड असते, म्हणून लोक सोडून देत.

या आबांचा एक शिष्य होता. त्याचे नाव शिदराम. तीन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, तो कुठून तरी वरच्या अंगाच्या गावाहून चालत आला होता. वय बावीस असेल, पण अंगावर मूठभर मांस नव्हते. आबांनी त्याला ओसरीवर जागा दिली आणि ते नदीवर पाणी आणायला गेले. तेवढ्या वेळात शिदरामाने काय केले, हे त्याने पुढे कधीही कोणाला सांगितले नाही. त्या घरात अंडी कोणी खात नसे, ती फक्त मुंगसांसाठी आणलेली असत. टोपलीतली दोन अंडी त्याने फोडून कच्चीच प्यायली आणि टरफले चुलीमागच्या राखेत पुरली. ज्याने पाठ टेकायला जागा दिली त्याच्याच घरात पहिला हात मारला तो असा. त्या टोपलीला तो आजही नजर चुकवूनच हात लावी.

त्यानंतर महिनाभर आबांनी त्याला कसलेच काम सांगितले नाही. दोन वेळा पोटभर जेवायला घालत आणि बस म्हणत. गावातली टवाळ पोरे त्याला ऐतोबा म्हणू लागली. शिदरामाला तो मोठा अपमान वाटला. आपण कामाच्या लायकीचेच नाही असे म्हाताऱ्याने पहिल्याच नजरेत ठरवले, असा सल त्याच्या मनात राहिला. महिना सरल्यावर आबांनी त्याच्या हाती पहिले पिंजरे दिले, तेव्हा त्याने मनाशी ठरवले, की एक दिवस या म्हाताऱ्याहून लवकर पारख करून दाखवीन.

आणि खरेच, तीन वर्षांत तो तयार झाला. पिंजऱ्यात जनावर धावताना पाहून तो वाण सांगे आणि बोटे लावून पाहिले की त्याचेच खरे ठरे. गुणी होता, यात शंका नाही. पण गुणाला गर्वाचा वास लागायला किती वेळ लागतो? पांढऱ्या दोऱ्याच्या महिन्याला तो आता उघड उघड हसू लागला होता.

फाल्गुनात आबा चार दिवस लेकीच्या गावी गेले. जाताना एवढेच म्हणाले, की नेहमीची गिऱ्हाइके सांभाळ, नवे दोरे मी आल्यावर बांधू. ते गेले आणि तिसऱ्या दिवशी एक मोठा व्यापारी दाराशी आला. त्याचा जोंधळा खळ्यावरून येऊन अंगणात पडला होता, पेवाच्या कडेला बिळे दिसत होती आणि त्याला त्याच दिवशी सुतळी हवी होती. घरातल्या साऱ्या सुतळ्या बाहेरगावी गेलेल्या होत्या. आबा येईपर्यंत थांबा, असे सांगता आले असते. पण व्यापारी म्हणाला, की म्हाताऱ्याशिवाय तुझे काही चालत नाही असे दिसते, आणि ते शिदरामाला झोंबले.

मागच्या पिंजऱ्यात आठ दिवसांपूर्वी आलेले एक मुंगूस होते. रानातून जनावरे धरून आणणाऱ्या एका म्हातारीने ते आणले होते. देताना ती म्हणाली होती, की हे बिचारे चार दिवस फाशात अडकून होते, मला उशिरा सापडले. शिदरामाने ते ऐकले होते आणि सोडून दिले होते. आता त्याने पाहिले तर लांबट अंग, चपटी कूस, अरुंद छाती. त्याने कानांमध्ये बोटे लावली. दोन बोटे बसली आणि वर जागा उरली, अर्ध्या बोटाची. अडीच. असे माप त्याने कधी पाहिले नव्हते. क्षणभर तो थबकला. मग त्याने पांढरा दोरा कापला, लाल बांधला आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "दोन बोटं. सुतळी हाय, शेट."

बिळात घूस होती. सुतळी असती तर मागे फिरली असती. हे जनावर फिरले नाही, कारण ते मुळात मुसळ होते. उपासाने त्याचे नुसते मांस गेले होते. लढायची जात होती आणि लढायचे बळ नव्हते. आत दोघांचा आवाज आला आणि मग काहीच येईना. दुपारपर्यंत वाट पाहून व्यापाऱ्याने माणूस पाठवला. शिदराम धावत गेला आणि कुदळ घेऊन खणू लागला. तो दिवस मावळला, दुसरा उजाडला. तेवढ्यात आबा परतीच्या वाटेवर कोणाकडून तरी ऐकून थेट व्यापाऱ्याच्या अंगणात येऊन पोचले. त्यांनी कुदळ बाजूला ठेवायला लावली आणि हातांनी माती उकरली. कोपरभर आत ते मुंगूस अडकलेले सापडले. जिवंत होते. एक कान फाटला होता आणि पुढचा एक पंजा चावून चिरडला होता. ते पुन्हा कामाचे होणार नाही, हे शिदरामाला पाहताक्षणी कळले.

बीळ खणताना पेवाची एक बाजू ढासळली होती. व्यापारी संतापला होता, आणि त्याचे चूक म्हणता येणार नाही. भरल्या अंगणात, हमालांच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत तो म्हणाला, "आबा, लाल दोरा बघून आम्ही डोळं मिटून जनावर घेतो. आता त्या दोऱ्यावर कुणी विश्वास ठेवायचा?"

आबांनी ते जखमी जनावर उपरण्यात गुंडाळले. मग डोक्याचे पागोटे काढून व्यापाऱ्याच्या पायरीवर ठेवले आणि म्हणाले, "दोरा माझ्या घरचा. चूक माझी."

शिदराम चार हातांवर उभा होता. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक. त्याची जीभ उचलली गेली नाही. म्हाताऱ्याचे उघडे, पांढरे डोके उन्हात तसेच वाकलेले राहिले आणि शिदराम पायाच्या अंगठ्याने माती उकरीत राहिला. जनावराची चूक अजाणता झाली असे म्हणता आले असते. हे गप्प राहणे अजाणता नव्हते. त्या क्षणाची लाज त्याला साऱ्या आयुष्याला पुरेल एवढी होती.

पागोटे तिथेच ठेवून आबा घरी आले आणि आधी त्या जनावरापाशी बसले. त्यांनी मुंगसाच्या जखमेला हळद लावली, त्याला चिंध्यांवर निजवले. शिदरामाने ओसरीवर आपले गाठोडे बांधायला घेतले. हाकलून देईपर्यंत थांबायचे कशाला? पण दिवेलागणीला आबांनी त्याला आत बोलावले आणि पान वाढले. भाकरी, झुणका आणि ताटाच्या कडेला दोन उकडलेली अंडी.

शिदराम त्या अंड्यांकडे पाहतच राहिला. त्या घरात माणसाच्या ताटात अंडे कधी पडले नव्हते.  मग त्याने खाली पाहतच विचारले, "आबा, हे कधीपासून ठाऊक हाय?"

"तू आलास त्याच दिवसापासून," आबा म्हणाले. "भांडी घासायला राख घेतली तर टरफलं हाताला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आलेले. म्हणाले, याची नजर चोराची दिसती, ठेवू नका. मी म्हणालो, महिनाभर जेवू दे त्याला, मग सांगतो. आणि तू निजायचास त्या ओसरीच्या खांबाला एक पांढरा दोरा बांधला. तुला वाटलं असंल, कसला तरी गंडा हाय. तो तुझा होता, शिदू. उपाशी जिवाची अंगकाठी भुकेची असती, त्याची स्वतःची न्हवं. भूक छाती अरुंद करती, डोकं आक्रसून टाकती, आणि हातबी लांब करती. पोट भरल्यावर जे उरतं, तो त्याचा वाण. त्याच्या आधी जो पारख करतो तो जनावराची न्हाई, त्याच्या उपासाची पारख करतो."

शिदरामाच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले. ज्या महिन्याला तो अपमान समजला होता, त्याच महिन्याने त्याला चोर होण्यापासून वाचवले होते. आणि तोच महिना त्याने एका मुक्या जनावराकडून काढून घेतला होता. रडतच तो म्हणाला, की अडीच बोटे भरली होती आणि आपल्याला ती दिसली होती.

"ते मला जनावर हातात घेतल्यावरच कळलं," आबा म्हणाले. "मोजण्यात तू चुकला न्हाईस. मोजल्यावर अर्धं बोट गिळलंस, तिथं चुकलास."

"मग माझ्या हाताला परत पांढरा दोरा बांधा, आबा. न्हाईतर मला जाऊ द्या."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या ताटात सरकवला. म्हणाले, "पांढरा दोरा ज्याची ओळख पटली न्हाई त्याला बांधतात. तुला मी ओळखतो. अंड्यांसकट ओळखतो. जेव आता, गार होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आबा उठण्यापूर्वीच, शिदराम व्यापाऱ्याच्या अंगणात गेला. ढासळलेल्या पेवाभोवती कालचीच माणसे जमली होती. या खेपेला त्याने मान खाली घातली नाही.

"लाल दोरा मी बांधला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "आबा गावात न्हवते. माप बरोबर न्हाई हे मला दिसलं होतं, तरी बांधला. आणि काल त्यांनी पागोटं काढलं तवा मी हितंच उभा होतो, आणि गप्प बसलो."

 व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिले, मग आत जाऊन पागोटे आणले. रात्रभर ते त्याने देवघरापाशी ठेवले होते. ते शिदरामाच्या हातात देत तो म्हणाला, "हे आधी पोचव. आणि मग ये, ही बाजू बांधून काढायला माणूस कमी पडतोय." शिदराम आठ दिवस त्या पेवात माती आणि कडबा चोपत राबला.

ते जखमी मुंगूस जगले. महिना झाल्यावर शिदरामाने त्याला मांडीवर घेतले आणि कानांमध्ये बोटे लावली. छाती भरली होती, मान जाड झाली होती, डोक्यावरची लव चकाकत होती. बोटे तीन बसली, चांगली ऐसपैस. पंजा लुळाच राहिला होता, त्याला कोणी कामाला नेणार नव्हते. तरीही शिदरामाने त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला.

त्याच आठवड्यात रानातली ती म्हातारी पुन्हा आली. तिच्या टोपलीत एक नवे, हाडे निघालेले मुंगूस होते. तिने सहज विचारले, की हे कोणत्या वाणाचे.

"अजून ठाऊक न्हाई, मावशी. महिन्यानं सांगतो," शिदराम म्हणाला आणि त्याने पांढरा दोरा काढला. दोरा बांधता बांधता त्याचे लक्ष तिच्या हातांकडे गेले. ते हात शेजारी मुंगसांसाठी ठेवलेल्या अंड्यांवरून फिरून पदराआड गेले होते. इतक्या वर्षांत तिला या दारात कोणी बस म्हटल्याचे त्याला आठवेना.

"तुम्ही जेवलाय का?" त्याने विचारले.

तिने मान हलवली. ती होय म्हणाली की नाही, ते समजण्यासारखे नव्हते. शिदराम ते ठरवीत बसला नाही. तो आत गेला आणि भाकरी घेऊन आला.