जाळीनंच काढायचं

शपथेवर सांगतो, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. मी त्या दिवशी परगावी होतो, ते सोडा.

आमच्या धनावडे साहेबांच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव आहे. साहेबांना पोहता येत नाही. तलाव लोकांना दाखवायला बांधलाय. लांब दांड्याच्या जाळीनं पाला काढायचा, पाण्यात औषध टाकायचं, फिल्टर धुवायचा, हे सगळं सगुणाबाई करतात. एकदा फिल्टरच्या तोंडाशी अडकलेलं पान त्यांनी हात घालून काढलं, तर साहेब पाहुण्यांदेखत खेकसले, "ए सगुणे! आमच्या पाण्यात तुझा हात? पाण्यात पडेल ते जाळीनंच काढायचं. पुन्हा हात बुडाला, तर कामावरून काढीन!"

ज्या हातांनी पाणी स्वच्छ होतं, त्याच हातांचा विटाळ! माझं तर डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्यांना नवा पंप दाखवताना साहेब घसरले आणि धपकन पाण्यात पडले. गटांगळ्या खात ओरडू लागले, "सगुणाबाई, हात द्या! अहो, हात द्या!"

सगुणाबाईंनी जाळी उचलली, साहेबांच्या डोक्यावर अलगद घातली आणि त्यांना काठाकडे ओढत म्हणाल्या, "हात कसा देऊ, साहेब? पडेल ते जाळीनंच काढायचं, तुमचाच हुकूम. कचऱ्यात आणि तुमच्यात फरक करायचा होता, तर तसं आधी सांगायचं!"

आता खरं सांगतो. साहेब पाण्यात पडले, हे मी रचलं. त्यांना पाडल्याशिवाय मला झोपच येईना. तो हुकूम मात्र मी रचलेला नाही. तो अजून लागू आहे.