सावरदऱ्याचा गोफणगुंडा

सावरदऱ्याच्या प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाच्या मेजावर पवित्र शास्त्र उघडं असतं आणि त्याच्या पानावर लिंबाएवढा काळा दगड ठेवलेला असतो. वाऱ्याने पान उलटू नये म्हणून असेल, असं पाहुण्यांना वाटतं. खिडक्या तर बंद असतात. मग घंटा वाजवणारे म्हातारे याकोबदादा बाकावर टेकतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. गावातली पंधरा-वीस घरं नव्याने ख्रिस्ती झाली होती. शास्त्रात जे ऐकू ते करू, अशी त्यांनी शपथ घेतली. शेत झाडून कापू नये, कोपरा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावा, ही त्यातलीच एक आज्ञा. म्हणून प्रत्येकाने आपल्या शेताच्या एका कोपऱ्याभोवती चुन्याने रंगवलेले दगड मांडले. आतल्या कणसाला मालकाने हात लावायचा नाही. ही खूण चार मुलखांत ठाऊक झाली. सुगी बरी होती तोवर सगळं सोपं होतं. भरल्या पोटी धर्म कुणालाही जमतो.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नाही. ओढ्याकाठच्या रिबकाबाईच्या तुकड्यात तेवढी ज्वारी उभी राहिली. बाई विधवा, मुलगा-सून पटकीच्या साथीत गेलेले, पदरात चार वर्षांची नात लुदिया. कोपऱ्यासकट कापलं तर पोर जगेल, असा तिने अंदाज बांधला. कोपरा सोडला तर काय, हे तिला मनातही आणवेना. पाळकसाहेबांना तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. चुन्याचे दगडही हलवले नाहीत, लोक बघतील म्हणून. नुसती गोफण घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसली.

एके दिवशी उजाडता उजाडता कोपऱ्यातली ज्वारीची ताटं हलली. रानडुक्कर वाटलं, असं ती पुढे सांगू शकली असती. पण तिने लुगड्याचा पदर पाहिला होता. भेदरवायचं म्हणून गोफण फिरवली आणि तिच्यातला दगडी गुंडा थेट कानशिलात बसला.

खाली उतरली, तर कुठल्या मुलखातली कोण जाणे, एक बाई मरून पडलेली. अंगावर नुसती हाडं. ओटीत पाच कणसं, तीही किडकी. वीतभर पलीकडे, दगडांच्या बाहेर, टपोरी कणसं लोंबत होती आणि त्यातलं एकही तुटलेलं नव्हतं. परकी बाई आज्ञेच्या आत राहिली होती.

रविवारी उपासनेत ती उठली आणि तो गुंडा तिने मेजावर ठेवला.

"पाळकसाहेब, त्या बाईला भुकेनं न्हाई मारलं. म्या मारलं."

मंडळीतले एक वडीलधारे कळवळून म्हणाले, "रिबका, कुनी पाह्यलं न्हाई. नातीकडं बघ अन् खाली बस."

"आपुनच तिला ये म्हन्लं व्हतं, दादा. दगडं मांडून म्हन्लं व्हतं."

सरकारात वर्दी गेली. अंमलदाराने कागदावर 'उपासमार' लिहिलं आणि कागद मिटला. त्या वर्षी रस्तोरस्ती प्रेतं होती. एकीसाठी कोण चौकशी करतो? रिबकाबाईला शिक्षा हवी होती, तीच मिळाली नाही. तिने कोपरा तसाच सोडला आणि बांधावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागली.

आणि लुदिया? ती जगली. कोपरा न कापताही उरलेल्या ज्वारीवर जगली. ज्या दिवशी पहिला पाऊस आला आणि पोर अंगणात नाचली, त्या दिवशी रिबकाबाई जितकी रडली तितकी ती बाई पुरतानाही रडली नव्हती, असं सांगतात.

आजही सावरदऱ्यात कुणाच्या घरी गोफण नाही. पाखरं डबे बडवून हाकलतात. पेरणीआधी दगडांना चुना लागतो, आणि कापणीला मालक कोपऱ्याशी उभा राहून तीनदा ओरडतो, "या, घ्या, तुमचंच हाय." हल्ली कुणी येत नाही, तरी ओरडतो. सुगीच्या उपासनेला ती आज्ञा वाचायची तर आधी पानावरचा गुंडा उचलावा लागतो. वाचून होईपर्यंत तो मुठीतच धरायचा, असा नेम आहे. याकोबदादा तो पाहुण्याच्या हातावर ठेवतात आणि सांगतात, "लुदिया माझी आजी."