होडीवाली भिवरा आणि रिकामी गादी

फार जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की ज्या खाडीकाठी ती घडली त्या खाडीचे नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती मजेने ऐकावी आणि थोरांनी जरा थांबून ऐकावी.

त्या खाडीच्या दोन्ही तीरांवर एक लहानसा मुलूख होता. काठावर मासे धरणारे, सखल जमिनीत भात पिकवणारे, वर डोंगरात गुरे राखणारे लोक तिथे राहत. माणसे कष्टाळू होती, पण मुलूख त्यांचा नव्हता. त्यावर राज्य होते समुद्रापलीकडच्या एका राजाचे. राजाला इथे कुणी कधी पाहिले नव्हते, आणि राजानेही हा मुलूख पाहिला नव्हता. त्याच्या नावाने हुकूम सोडायचा तो खाडीच्या मुखावरच्या किल्ल्यातला सुभेदार.

आणि सुभेदाराचा कायदा म्हणजे दवंडी. सकाळी दवंडी पिटे, ‘रानात पाऊल टाकाल तर फटके!’ दुपारी पिटे, ‘किल्ल्यावर लाकूडफाटा आणून टाकला नाहीत तर फटके!’ रानात न जाता लाकूड आणायचे कसे, हे विचारायची सोय नव्हती. लोकांना हुकुमाचे भय होतेच. पण आज बरोबर असलेले उद्या गुन्हा ठरेल की काय, हे भय त्याहून मोठे होते.

या खाडीवर भिवरा आणि तिचा नवरा लखू होडी चालवत. एकदा लखू पैलतीराहून माणसे घेऊन निघाला. होडी मध्यावर आली आणि किल्ल्यावरून दवंडी झाली, ‘आत्तापासून खाडीत होडी घालणारा गुन्हेगार!’ लखू काठाला लागला, तोच जमादाराने त्याच्या दंडाला धरले. हा जमादार इथल्याच मातीतला, पण सुभेदाराच्या चाकरीत मुरलेला.

“अरे, मी निघालो तेव्हा हुकूम नव्हता!” लखू म्हणाला.

“आता आहे ना?” जमादार म्हणाला, आणि त्याला किल्ल्यात घेऊन गेला.

लखू परत आला नाही. पावसाळा सरता सरता तो किल्ल्याच्या कोठडीतच मेल्याची बातमी आली.

भिवरा तडक किल्ल्यावर गेली. तिला अडवायचे पहारेकऱ्यांना सुचले नाही. सुभेदारापुढे उभी राहून तिने विचारले, “कोणत्या कायद्यानं माझा माणूस कोंडलात?”

सुभेदार हसला. “बाई, माझा शब्द हाच कायदा.”

भिवराचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, “मग तुमचा शब्द आजपासून मला ऐकू येत नाही.”

ती घरी आली. दुसऱ्या दिवशी दवंडी झाली तेव्हा ती जाळी विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. शेजारणीने ते पाहिले, आणि तिनेही मान वर केली नाही. वाऱ्याने ठिणगी न्यावी तशी ती गोष्ट काठावरून शेतात आणि शेतातून डोंगरात गेली. बघता बघता अख्खा मुलूख बहिरा झाला!

किल्ल्याला लाकूड मिळेना, पाणी मिळेना, दाणा मिळेना. शिपाई गावोगाव फिरले. एका म्हाताऱ्या गुराख्याला त्यांनी बडव बडव बडवले. तो धूळ झटकत उठला आणि कानामागे हात धरून म्हणाला, “काय म्हणालास रे लेकरा? जरा मोठ्यानं बोल.” ऐकून एक शिपाईच फिसकन हसला, आणि त्या हसण्याने सुभेदाराचा धाक गेला तो गेलाच.

पण लढा काही हसण्यावारी झाला नाही. किती घरांत चूल पेटली नाही, किती तरणी माणसे कोठड्यांत खितपत पडली. भिवरालाही कोंडले, फटके मारले. बाहेर आली की ती पुन्हा जाळे घेऊन बसे. कुणी कुणावर हात उचलला नाही आणि कुणी दवंडी ऐकली नाही. अखेर एका सकाळी सुभेदाराने जहाजाची शिडे उभारली आणि तो निघून गेला. किल्ल्यावरचे परके निशाण उतरले. खाडीच्या दोन्ही काठांवर माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. त्या दिवशी त्यांच्या माना जशा ताठ झाल्या, तशा त्यांच्या आज्यापणज्यांनीही कधी पाहिल्या नव्हत्या.

मग लोक किल्ल्यात जमले. सुभेदाराची गादी रिकामी होती. सगळ्यांत वयस्क पाटलाने भिवराचा हात धरला.

“बाय, तू बस हिच्यावर. आता तू आमची राणी. तुझा शब्द हाच आमचा कायदा.”

क्षणभर भिवराला मोह झाला, नाही असे नाही. आपण वाईट का वागणार आहोत? पण पाटलाचे ते शेवटचे शब्द तिच्या कानात घुमत राहिले.

तिने हात सोडवून घेतला. “आबा, हे शब्द याच जागी मी ऐकलेत. ते माझ्या तोंडात गोड लागतील, म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. गादी राहू द्या रिकामी. आपण सगळे खाली बसू आणि कसं राहायचं ते ठरवू.”

बसायचे म्हटले, तर पहिला वाद त्यावरच झाला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला रायनाक आपल्या माणसांसह दाराशीच उभा होता. काही म्हणाले, त्यांनी तिथूनच ऐकावे.

भिवरा उठून दाराशी गेली. “फटके यांनी खाल्ले तेव्हा दार कुठं होतं? हे आत बसणार नसतील, तर मीही इथंच उभी राहते.”

मग मधली माणसे सरकली, आणि रायनाक आत येऊन सगळ्यांच्या बरोबरीने बसला.

पुढे कित्येक दिवस ते भांडले. डोंगरातल्यांचे काठावरच्यांशी पटेना, पुरुषांचे बायकांशी पटेना. कुणी रागाने उठून जाई, सकाळी परत येई. पण अखेर सगळ्यांच्या तोंडी एकच बोल आला: नियम सर्वांना सारखा. ऐकून घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा नाही. नियम बदलायचा तो सर्वांच्या सभेत, एकाच्या मर्जीने नाही. कारभार ज्याच्याकडे देऊ, त्याने ठरल्या मुदतीने उठायचे आणि दुसऱ्याला जागा द्यायची. हे सारे दगडावर कोरून त्यांनी तो दगड किल्ल्याच्या दारात उभा केला. पहिला कारभार भिवराकडे दिला. ती गादीवर बसली नाही, सभेतल्या चटईवरच बसू लागली.

आणि नियमाची परीक्षा लवकरच आली.

डोंगरात लपून बसलेला जमादार लोकांच्या हाती लागला. त्याला फरपटत सभेत आणले. “यानंच लखूला मारला! झाडाला टांगा!” आरोळ्या उठल्या. सगळ्यांच्या नजरा भिवराकडे वळल्या. तिने नुसती मान हलवली असती, तरी दोर तयार होता.

भिवराच्या छातीत आग पेटली होती. रात्री शेजारी रिकामी जागा पाहून तिने याच माणसाला किती शाप दिले होते! ती उठली. लोकांना वाटले, आता हुकूम देणार. पण ती कारभाऱ्याच्या जागेवरून दूर झाली आणि लोकांत जाऊन उभी राहिली.

“माझ्या मनात याच्याबद्दल विष आहे,” ती म्हणाली. “विष असलेल्या माणसानं न्याय करू नये. तुम्ही दुसरं कुणी बसवा. मी फिर्याद सांगेन.”

सभेने रायनाकाला बसवले. रायनाकाने एकेकाचे ऐकून घेतले. शेवटी दवंडी पिटणारा म्हातारा पुढे आला. तो म्हणाला, “खरं ते सांगतो. लखूला यानं धरून आणला. पण पुढं लखूला ताप भरला. वैद्याला बोलवा म्हणून हाच सुभेदाराच्या पाया पडला होता. सुभेदारानं लाथ मारली. लखू तापानं गेला.”

भिवराने डोळे मिटले. ते खोटे ठरावे असे तिला फार वाटले. पण तो म्हातारा खोटे बोलत नव्हता, हे तिला कळत होते.

जमादार मान खाली घालून म्हणाला, “मी मारलं नाही त्याला. पण धरला मीच. बाकीच्यांना फटकेही मीच मारले. ते नाकारत नाही.”

रायनाक म्हणाला, “खुनाचा दोर याच्या गळ्यात घातला असता, तर आपणही एक दवंडीच पिटली असती. हा खुनी नाही. पण जुलमाचा हात होता. पाच पावसाळे हा खाडीवर होडी वल्हवील, आणि ज्यांना यानं मारलं त्यांना पार नेईल.”

भिवराने भर सभेत त्या निकालाला हात जोडले. त्या दिवशी लोकांना उमगले, की आपण नुसता सुभेदार घालवला नाही, त्याच्यापेक्षा मोठे काहीतरी उभे केले आहे.

भिवराची मुदत संपली, तशी ती उठली आणि आपल्या झोपडीत परतली. पुढे एका उन्हाळ्यात समुद्रावर पुन्हा शिडे दिसली. पलीकडच्या राजाचा वकील आला होता. तो भिवराला म्हणाला, “आमचा राजा तुला राणी करील. फक्त त्याच्या नावानं राज्य कर.”

“राज्य माझं नाही, मी देऊ कशी?” भिवरा म्हणाली.

वकील पाटलाकडे गेला, रायनाकाकडे गेला, गुराख्याकडेही गेला. ज्याने त्याने किल्ल्याच्या दारातल्या दगडाकडे बोट दाखवले. विकत घ्यावा असा राजाच त्याला सापडेना, आणि धाक घालावा तर अख्खा मुलूख ताठ मानेने काठावर उभा! वकिलाने मुकाट्याने जहाज वळवले. त्यानंतर त्या खाडीत परके निशाण कधीही आले नाही.

म्हणून सांगतात: परक्याचा हुकूम झुगारणारा शूर खराच, पण सत्ता हाती आल्यावर स्वतःला नियमाने बांधून घेणारा त्याहून शूर.