बरणीतली जांभई

राजाराणीची गोष्ट काल झाली, आज कातार्‍याची ऐका. राजा येईल मध्ये, पण थोडाच वेळ. राजे तसेच येतात.

तर एकदा काय झालं, एका गावात गोंदाजी नावाचा कातारी होता. कातारी म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्यातून लाटणी, भोवरे, पाळण्यावरच्या चिमण्या काढणारा. हात असा, की त्याचा भोवरा न्याहारीला फिरवला तर ताट धुऊन होईपर्यंत थांबायचा नाही. त्याला एक मुलगी झाली, येसू. आई बाळंतपणातच गेली. मग पाचवीला सटवाई आली, बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला. खाणं लिहिलं, पिणं लिहिलं, कष्ट तर चांगले दोन ओळी भरून लिहिले. आता झोप लिहिणार, एवढ्यात दिव्यातलं तेल संपलं. राहिली ती राहिलीच. सटवाईच्या कामात दुरुस्तीची सोय नाही, बरं का.

येसूला झोप नाही. बाकीची पोरं अर्ध्या गोष्टीत लवंडायची, ही शेवटपर्यंत टक्क जागी. गावातल्या सगळ्या गोष्टींचा शेवट ठाऊक असलेली ती एकटीच. पण डोळे गुंजेसारखे लाल आणि डोकं सदा जड. सकाळी पोरं एकमेकांना स्वप्नं सांगायची, तेव्हा येसू अंगण झाडायला घ्यायची. तिला फार काही नको होतं. एकदा झोपून उठायचं होतं.

येसू सात वर्षांची झाली, तेव्हा सटवाई त्याच आळीत दुसऱ्या बाळाकडे आली. गोंदाजीनं तिची वाट अडवली. सटवाई ओशाळली. म्हणाली, राहिलेलं आता घुसडता येत नाही, पण एक भोवरा कर. तीन वस्तू लाखेत घोटून त्याला रंग दे. एक म्हशीची जांभई, एक तळ्यात पडलेल्या ढगाची सावली आणि एक रिकाम्या झोपाळ्याचा शेवटचा हेलकावा. भोवरा बापानंच कातायचा. त्याची गुणगुण ऐकली की पोर झोपेल.

मग गोंदाजी निघाला. तीन दिवस म्हशीसमोर उकिडवा बसला आणि तिनं जांभई दिली तशी बरणीत धरली. मग तळ्यात उतरला, ढगाची सावली अलगद काढली, निथळून तिची घडी घातली. मग पोरं झोपाळ्यावरून उतरून गेल्यावर जो एक हेलकावा मागे उरतो, तो रुमालाच्या गाठीत बांधला. महिन्याच्या आत तिन्ही वस्तू घरात. येसूनं भोवऱ्याची दोरी स्वतः वळली आणि अंथरूण घालून बसली.

गोंदाजीनं बरणी उजेडात धरली.

"येसू, ही जांभई जरा आखूड वाटते गं."

"चालेल मला, आबा."

"तुला चालेल. पण एकदा लाखेत गेली की गेली. उद्या याहून चांगली मिळाली तर?"

बरणी फळीवर गेली. मग गोंदाजी हत्तीची जांभई घेऊन आला. हत्तीच्या जांभईला साजेशी सावली हवी, म्हणून आषाढातल्या ढगाची आणली. त्या सावलीपुढे पहिला हेलकावा किरकोळ दिसायला लागला, म्हणून राजवाड्यातल्या झोपाळ्याचा आणला. मग कळलं, की मगरीची जांभई फार दुर्मीळ. मग मगर. फळीवर फळी चढली. एक दिवस येसूचं अंथरूण होतं त्या कोपऱ्यातही फळ्या आल्या. येसूनं विचारलं, मी कुठे पडू?

"तू तरी कुठे झोपतेस?" गोंदाजी म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता हं. बरण्यांना जागा लागते, एवढंच त्याचं म्हणणं.

लोक लांबून बघायला यायला लागले. येसू बरण्या पुसायची. वर्षाकाठी दोरी विरायची, ती नवी वळायची. शेवटी राजाही आला. राजे पाहणी करतात तशी केली, म्हणजे न बघता मान हलवली. मग विचारलं, याचं करतात काय? गोंदाजीनं येसूकडे पाहिलं. काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण नीट आठवेना. "महाराज, सांभाळतात," तो म्हणाला. राजाला उत्तर फार आवडलं. त्याच्याही खजिन्यात तेच चालायचं. त्यानं शालनारळ आणि 'जांभईभूषण' पदवी दिली आणि गेला. झाला राजा.

येसूच्या केसांत पांढरं आलं. लग्न जमलं नाही. जी कधी डोळे मिटत नाही, अशी सून कुणाला हवी? ती झोपल्याशिवाय सासूनं तिच्या चहाड्या कधी सांगायच्या?

मग एके दुपारी गोंदाजीच्या लक्षात आलं, खुंटीला दोरी नाही. त्यानं विचारलं, येसू, दोरी कुठे गेली?

"केरसुणी सुटली होती. तिला बांधली."

म्हातारा बराच वेळ केरसुणीकडे बघत बसला. मग उठला. खैराचं लाकूड काढलं, लाख तापवली. म्हणाला, आज भोवरा करतोच. येसू केरसुणीची दोरी सोडायला लागली. त्यानं पहिलीच बरणी घेतली, म्हशीची. तीस वर्षांचं झाकण, निघेना. म्हणून फळीवर आपटलं. मग ती फळी खालच्या फळीवर, खालची तिच्या खालच्या फळीवर, आणि सगळं भुईवर.

ढगांच्या सावल्या सुटल्या, उन्हावर पसरल्या. हेलकाव्यांनी घरं पाळण्यासारखी हलली. जांभया दाराबाहेर पडल्या आणि गाव जिथल्या तिथे झोपलं. म्हशी झोपल्या, पाहुणे झोपले, सासवासुना झोपल्या. गोंदाजी तर येसूच्या जुन्या कोपऱ्यातच आडवा झाला. येसूनं तोंड उघडून पाहिलं. एक जांभई आली, थबकली आणि निघून गेली. कपाळावर लिहिलेलं नव्हतं ना.

तीन दिवस येसू एकटी जागी होती. तिनं काचा गोळा केल्या. उघड्यावर पडलेल्यांना पांघरुणं घातली. चौथ्या दिवशी गोंदाजी उठला, आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाला, "काय झोप लागली म्हणून सांगू, येसू." मग इकडेतिकडे पाहिलं, एक न फुटलेली रिकामी बरणी सापडली, ती काखेत मारली आणि म्हशीच्या शोधात निघाला.

येसूनं दोरी पुन्हा केरसुणीला बांधली.

पुढे गाव सुखानं नांदलं. येसूही सुखात राहिली, असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. आणि त्या जांभया अजून फिरताहेत. या तोंडातून त्या तोंडात जातात, कुठे टिकत नाहीत, कारण त्या मुळात दुसऱ्याच्या नावानं धरलेल्या.

ही बघा, तुम्हालाही आली. आली ना? मग वापरून टाका. चांगलीची वाट बघू नका. मिटा डोळे.