न धुतलेला साचा

दोष आचार्यांचा होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे; कारण अशा कथांत गुरू काहीतरी विचित्र करतात, शिष्य गोंधळतो, आणि शेवटी मान खाली घालून चूक कबूल करतो तो शिष्यच. इथे तसे घडले नाही.

तर एकदा एक आचार्य होते, रसायनशास्त्राचे. नावाला वजन, शब्दाला मान, आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे 'पण' म्हणायची सोय नाही. त्यांची सारी कीर्ती एका भुकटीवर उभी होती. ज्या औषधाचा माग काढायचा तेच औषध मध्ये ठेवायचे, त्याच्याभोवती पॉलिमर आळू द्यायचा, घट्ट झाला की कुटून चाळायचा आणि मग आतले औषध धुऊन काढायचे. फणसाच्या गऱ्यातून आठळी काढावी तशी त्याच्या मापाची पोकळी मागे राहते; भुकटीचा कण न् कण त्या औषधाचा साचा होतो. मग भुकटी नळीत भरून वरून रक्त सोडा की मूत्र, त्यातल्या हजार पदार्थांमधून त्या पोकळीत नेमका तोच पदार्थ येऊन बसतो.

सगळी मदार धुण्यावर. तीन दिवस धुवायचे, दर वेळी धुवण तपासायचे, त्यात औषधाचा अंशही येईनासा होईपर्यंत.

त्या वर्षी बैलगाडा शर्यतींच्या समितीने जिंकलेल्या बैलांच्या मूत्रातले उत्तेजक शोधण्याचे काम आचार्यांना दिले. यात्रा तोंडावर आल्या होत्या. भुकटी धुवायला घेऊन एक दिवस झाला आणि आचार्य शिष्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"अजून धुतोयस? भुकटी आहे की घोंगडी?"

"सर, धुवणात अजून औषध येतंय."

"तीस वर्षं हेच करतोय मी. माझ्या हातच्या मालाला एक दिवस पुरतो. भर नळ्यांत."

"मग निदान एकदा नुसतं पाणी घालून बघू या का, सर? कोरी तपासणी..."

"शंकेखोराच्या हाताला यश नसतं, बाळा."

बाळाने नळ्या भरल्या. त्याच्या प्रबंधावर आचार्यांची सही व्हायची होती. सही नाही तर पदवी नाही. भित्रेपणाला आपल्याकडे गुरुभक्ती असे सुंदर नाव आहे.

पहिल्याच यात्रेत पाखऱ्या नावाच्या बैलाची जोडी जिंकली. नमुना आला, नळीतून गेला, आणि यंत्राने सांगितले की उत्तेजक आहे. शिक्षा ठरलेली होती, तीन वर्षे बंदी. त्याआधी बैलाच्या मालकाचे म्हणणे ऐकायला समिती प्रयोगशाळेतच जमली. मालक म्हणजे गेनबानाना. चपला बाहेर काढून आत आले आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"साहेब, पाखऱ्या माझ्या हातचंच खातो. दुसऱ्यानं वैरण टाकली तर हुंगतसुदिक न्हाई."

"झालं तर मग!" समितीचे अध्यक्ष आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "कुणी चारलं ते नानांनीच सांगून टाकलं!"

हशा पिकला. नाना हसणाऱ्या एकेका तोंडाकडे बघत राहिले.

"तीन साल बंदी म्हंजे त्याचं पळणं सरलं, आबा. आन् गावात माझं तोंड दाखवणं."

मग आचार्य बोलायला उठले. यंत्राला ना जात ना गोत, विज्ञानाला कुणाची भीड नाही, असे पाऊण तास बोलले. घसा कोरडा पडला तसे तांब्याच्या भांड्यातले अर्धे पाणी प्यायले आणि भांडे टेबलावर ठेवले.

शिष्य उठला. त्याने ते भांडे उचलले आणि उरलेले अर्धे पाणी एका नव्या नळीत ओतले.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"नमुना तपासतोय, सर."

पाणी भुकटीतून थेंबथेंब उतरले. नेहमीप्रमाणे भुकटीत अडकलेले सोडवायला त्याने वरून द्रावक सोडला, खाली जे आले ते यंत्राला दिले आणि पडदा समितीकडे वळवला. दहा मिनिटे रेघ सपाट चालली. मग पाखऱ्याच्या वेळी जिथे उभी राहिली होती, बरोबर तिथेच ताठ उभी राहिली.

"आता हे कुठल्या बैलाचं?" अध्यक्षांनी विचारले.

"बैलाचं नाही, आबा. सरांच्या भांड्यातलं पाणी आहे. अर्धं सर प्यायले, अर्धं मी घातलं. सरांवर किती वर्षांची बंदी घालता?"

"गुरूची परीक्षा घेतोस?" आचार्यांचा आवाज चिरकला.

रीतीप्रमाणे इथे आचार्यांनी चार शहाणपणाचे शब्द सांगायचे असतात. त्यांना ते सुचेनात. म्हणून शिष्याने सांगितले.

"परीक्षा भुकटीची होती, सर. साचा घडवताना आत जे ठेवलं ते पुरतं बाहेर काढलं नाही, तर साचा पकडत नाही, ओकतो. पाखऱ्याच्या मुतात तुम्हाला जे दिसलं ते आपणच भरलेलं होतं. आणि भुकटीचं काय घेऊन बसलात? आम्हालाही तुम्ही असंच घडवता. मध्ये स्वतः बसता, भोवती आम्हाला ओतता, आणि उठून जायचं विसरता. मग बाहेर काहीही असो, आमच्यातून तुम्हीच निघता. धुणं अपुरं आहे हे मला दिसत होतं. तरी नळ्या मी भरल्या. या माणसाला चोर ठरवलं ते तुमच्या शब्दानं, पण माझ्या हातानं."

नानांना सगळे उमगले नव्हते.

"म्हंजे पाण्यातबी औषध हाय?"

"नाही, नाना. औषध आमच्याकडंच होतं."

नाना समितीकडे वळले.

"मगा मला हसलासा. आता ह्यास्नी हसा की."

कुणी हसले नाही. पांढऱ्या केसांना आणि शालीला हसायची आपल्याकडे रीत नाही. ती उभ्या माणसासाठी राखून ठेवलेली असते.

शिष्याने भुकटी तीन दिवस धुतली, धुवण कोरे येईपर्यंत. आधी पाणी घालून पाहिले, मग पाखऱ्याचा उरलेला नमुना. दोन्ही वेळा रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली. बंदी उठली. पुढच्या यात्रेत पाखऱ्याची जोडी तिसरी आली, आणि नानांनी ते सांगायला मुद्दाम फोन केला.

आचार्यांनी त्याच वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. साचा तीन दिवस धुवावा आणि आधी कोरी तपासणी करावी, हा त्याचा निष्कर्ष. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला.

ज्याला असा गुरू लाभला असेल त्याने स्वतःला वेळीच धुऊन घ्यावे. तीन दिवसांत होत नाही, आणि स्वस्तही पडत नाही.

प्रबंधावर सही झाली नाही. शिष्याला पदवी मिळाली नाही.