तांडेल

"तात्यानू, तांडेल म्हणजे नेमको कोण?"

भिवाने देवळाच्या पायरीवरूनच विचारलं. धाकोजी जाळं सांधत होते, ते सांधत राहिले. एके काळी तांडेल म्हणून गलबतं हाकणारे धाकोजी आता खाडीच्या तोंडाशी, या देवळाच्या पडवीत राहत. भिवाला सुकाणू धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"तुका काय वाटता?"

"वारो वळकता तो. कालच्या वादळात होडी किनाऱ्याक मी हाडलंय. तरी खलाशी माका तांडेल म्हणनत नाय. नुसतो भिवा म्हणतत. उद्या तुझ्यावांगडा होडयेत येवचे नाय, म्हणतत. तुमीच त्येंका अर्थ सांगा."

त्या वाऱ्यात होडी आणणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. भिवाला ते ठाऊक होतं, जरा जास्तच ठाऊक होतं.

"सगळे इले?"

"...बाबल नाय. लाटेन नेल्यान. त्यात माझी काय चूक?"

"चूक मी इचारूक नाय."

धाकोजींनी जाळ्याची आणखी एक गाठ मारली.

"उतारलंस, तो पयलो खंयच्या घराक गेलंस?"

"माझ्या. आवस वाट बघी होती..."

"आणि बाबलच्या आवशीक कोणी सांगल्यान?"

"खलाश्यांनी." बाबलच्या आईचं नाव निघताच भिवाची मान खाली गेली. "माका धीर नाय झालो, तात्यानू."

त्या बंदराची एक जुनी रीत होती. माणूस गमावून होडी परतली, की तांडेलाने अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आधी त्या माणसाच्या घरी जायचं. स्वतःच्या घरी त्यानंतर. भिवाला ती माहीत नव्हती असं नाही.

धाकोजी उठले. त्यांनी भिवाच्या धुतलेल्या सदऱ्याला हात लावून पाहिला.

"सुको आसस तू."

कोपऱ्यातली कळशी घेऊन ते पायऱ्या उतरले. गुडघे धरत, थांबत थांबत पाण्यापर्यंत गेले आणि भरलेली कळशी घेऊन तसेच वर आले. भिवा मदतीला पुढे झाला, पण त्यांनी हात लावू दिला नाही.

मग सगळं खारं पाणी त्यांनी त्याच्या डोक्यावर ओतलं.

भिवा रडू लागला. कालपासून दाबून धरलेलं रडू होतं ते, लवकर थांबेना.

"बाबलच्या आवशीच्या दारात जावन मी काय सांगू, तात्यानू?"

"काय सांगा नको. नुसतो उभो रव. तू कोण, ता तीच सांगतली."